शनिवारी हरलेला वाद

काका, आपला शेवटचा वाद तुम्ही हरलात आणि त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. हरल्याचं तुम्ही स्वतःच्या तोंडानं कबूल केलंत, "सहावं प्रकरण बदलावं लागणार, उद्या बसू" असं म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत अर्धा प्यालेला चहा टेबलावर ठेवून गेलात. आमच्या इचलकरंजीत असते तर म्हातारा डाव अर्ध्यावर टाकून पळाला, असं चारचौघांत म्हटलं असतं. इथं हॅलिफॅक्सला ज्याच्याशी असं बोलता येईल असं कुणी नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

आज तुम्हाला जाऊन तीस दिवस झाले. रिव्काकाकूंचा सकाळी फोन आला होता. तुम्हा ज्यू लोकांत तिसाव्या दिवसाचा एक टप्पा मानतात, त्यानंतर घरच्यांनी आपापल्या कामाला लागायचं असतं, असं त्यांनी सांगितलं. मी तुमच्या घरची नाही. तुमच्या एटोबिकोच्या घराच्या बेसमेंटमध्ये तीन वर्षं भाड्यानं राहिलेली मुलगी, एवढंच माझं नातं. तरी फोन ठेवताना काकू म्हणाल्या, "तूही लाग आता." कुठल्या कामाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

काम तुमच्या पुस्तकाचं आहे. व्हेनिससारख्या पाण्यात उभ्या असलेल्या शहरात भांडवलशाही कशी जन्माला आली, हे मराठी माणसाला मराठीत सांगायचं, हा तुमचा हट्ट. मुंबईत असताना याच विषयावर तुम्ही पीएचडीला बसला होतात, ती सोडून कॅनडाला आलात आणि तीस वर्षं विमानतळाच्या कार्गो शेडमध्ये मालाची कागदपत्रं तपासलीत. पण विषय सोडला नाहीत. कॅसेटी लावून इटालियन शिकलात. दोनदा सुट्टी काढून व्हेनिसला गेलात आणि दोन्ही वेळा दिवसभर जुन्या दप्तरखान्यात बसून राहिलात. काकू म्हणतात त्यांनी ते शहर एकटीनंच पाहिलं, आणि तुमच्याबरोबर पाहण्यापेक्षा ते बरंच होतं. रिटायर झाल्यावर लिहायला बसलात तर हात कापायला लागला. मग तुम्ही सांगायचं आणि मी लॅपटॉपवर उतरवायचं असं ठरलं. आठ प्रकरणं झाली. पुण्याच्या प्रकाशकांना पसंत पडली. शेवटचा हात फिरवायचा तेवढा राहिला होता.

तुमचा नियम मला पहिल्या महिन्यातच कळला. शनिवारी लिहायचं नाही. बाकी धर्माच्या बाबतीत तुमचे सतरा अपवाद होते. सिनॅगॉगला चालत जायचं सोडून तुम्ही सरळ गाडी काढायचात, काकूंनी चहा गरम केला तर मुकाट प्यायचात, समोसा तर कुणाच्याही घरचा चालायचा. पण शनिवारी पेन नाही, कीबोर्ड नाही, आणि मीसुद्धा तुमच्यासमोर काही टिपून घ्यायचं नाही. मी कारण विचारलं तेव्हा तुम्ही थळ गावातलं सांगितलंत. तुमचे पणजोबा तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी गावात फक्त तुमच्या लोकांचे घाणे बंद असायचे, म्हणून गाव तुम्हाला शनवार तेली म्हणायचं. "आता घाणा राहिला नाही. मला येतं ते लिहिणं, तर माझा घाणा पेन," असं म्हणून तुम्ही विषय संपवलात. कार्गोच्या नोकरीतही शनिवार मिळावा म्हणून तुम्ही दर रविवारची आणि दर ख्रिसमसची ड्यूटी केलीत, हे मला काकूंकडून कळलं. काकूंनी ते फारसं कौतुकानं सांगितलं नव्हतं.

बोलायला मात्र बंदी नव्हती. शनिवारी दुपारी जेवण झालं की तुमच्या बोलण्याला ऊत यायचा. व्हेनिसच्या सरदारांना नावं ठेवायचात, मोठमोठ्या इतिहासकारांची पगडी उडवायचात, कालपर्यंत स्वतः लिहिलेलं सुद्धा मोडीत काढायचात. आणि रविवारी सकाळी तोच माणूस समोर बसून "बहुधा", "असे दिसते", "पुरावा अपुरा आहे" असं सांगायला लागायचा. मी चिडायचे. काल तर तुम्ही असं म्हणाला होतात, असं म्हटलं की तुम्ही शांतपणे म्हणायचात, "काल शनिवार होता." तीन वर्षांत हे मी किती वेळा ऐकलं असेल कुणास ठाऊक. तुमचं सगळ्यात चांगलं बोलणं कुठंच लिहिलेलं नाही, ते माझ्या डोक्यात आहे, आणि माझं डोकं काही दप्तरखाना नाही.

सहाव्या प्रकरणावरून आपलं वाजलं ते असंच एका शनिवारी. तुमचं म्हणणं साधं होतं. व्हेनिसमध्ये एकजण घरी बसून माल द्यायचा आणि दुसरा तो माल घेऊन जहाजानं जायचा. तो परत आला की नफ्याचे तीन हिस्से घरी बसलेल्याचे आणि एक हिस्सा जाऊन आलेल्याचा. या कराराला तिकडे कोलेगान्झा म्हणत. तुमच्या मते सगळ्याचं मूळ या करारात होतं, कारण इथून पुढं पैसा घरबसल्या वाढायला शिकला. प्रकरणाचं नावच तुम्ही 'घरी बसलेलं भांडवल' असं ठेवलंत. मला ते पटलंही होतं. मग बोलता बोलता तुम्ही जहाजावरच्या वल्हवणाऱ्यांचं सांगितलंत. सुरुवातीला हे वल्हवणारे मोकळे लोक होते. प्रत्येकाला स्वतःचा थोडा माल फुकट न्यायची मुभा होती. बाकाखाली छोटी पेटी ठेवायची, त्यात थोडं कापड, थोडं आणखी काही, आणि बंदर लागलं की उतरून विकायचं. तुम्ही हे गंमत म्हणून सांगितलंत.

मी त्या वेळी विमानतळाजवळच्या एका वेअरहाऊसमध्ये पार्ट-टाइम करत होते. हातातल्या स्कॅनरमध्ये एक वस्तू उचलल्यापासून दुसरी उचलेपर्यंत किती सेकंद गेले ते दिसायचं. आत जाताना जेवणाचा डबा पारदर्शक पिशवीतून न्यायचा आणि बाहेर पडताना ती पिशवी वर धरून दाखवायची, म्हणजे आम्ही काही उचललं नाही हे गेटवरच्याला कळावं. पहिल्या आठवड्यात मी त्या पिशवीपायी रडले होते. वर येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाहीत. लोडिंग डॉक किती आहेत, ट्रक मागून लागतात की बाजूनं, एवढंच विचारत बसलात. मला तेव्हा राग आला होता. पण उत्तरं देता देता रडं थांबलं, हे खरं आहे.

तर त्या शनिवारी पेटीचं ऐकलं आणि मी म्हटलं, काका, तुमचं प्रकरण चुकलंय. एकानं माल द्यायचा आणि दुसऱ्यानं राबायचं, हे आमच्या इचलकरंजीत गल्लोगल्ली चालतं आणि तुमच्या कोकणातल्या बंदरांत त्याच्या कितीतरी आधी चालत असेल. त्यात नवीन काही नाही. नवीन गोष्ट घडली ती वल्हवणाऱ्याची पेटी गेली तेव्हा. तोपर्यंत तो छोटा का होईना, व्यापारी होता. पेटी गेली आणि त्याच्याकडे विकायला नुसते हात उरले. तुम्हीच सांगितलंत ना, पुढं लढाऊ जहाजांवर साखळदंडातले कैदी बसवले म्हणून? त्यांना कसली पेटी?

तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. पुसून झाल्यावर म्हणालात की मी पेटीला फार डोक्यावर घेतलंय. चार वार कापडानं कुणी व्यापारी होत नाही, तो वल्हवणारा आधीही कर्जातच असायचा. मग माझ्या वडिलांवर आलात. आमच्या शेडमध्ये चार यंत्रमाग आहेत. सूत शेठचं, कापड शेठचं, आम्हाला मीटरवर मजुरी. तुम्ही विचारलंत, तुझे वडील मालक की मजूर? मी तिथल्या तिथं, मागावर रात्रपाळीला जागे असलेल्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावून तोच प्रश्न विचारला. तुमच्याकडे शनिवार असला तरी माझ्याकडे नव्हता. वडील म्हणाले, "मालकच की. माग कुणाचं हाईत?" तुम्ही इतके हसलात की काकू आतून बघायला आल्या. त्यानंतर दर रविवारी तुम्ही वडिलांची खुशाली "मालक कसे आहेत?" अशी विचारायचात.

वाद मात्र तुम्ही सोडला नाहीत. दोनेक महिन्यांनी तुम्ही एक प्रश्न काढलात आणि मला गप्प केलंत. पेटी गेल्यानं भांडवलशाही आली म्हणतेस, तर मग व्हेनिस त्याच सुमाराला उतरणीला का लागलं? पेटी काढून घेणारं शहर वर यायला हवं होतं. वर आली ती उत्तरेकडची बंदरं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दीड वर्ष नव्हतं. स्नो शोव्हल करताना, बसमध्ये, कॉलेजच्या असाइनमेंट करताना मी उत्तर शोधत होते. तुम्ही अधूनमधून, "काय मग, व्हेनिस बुडालं की नाही?" असं डिवचायचात. मी मनात म्हणायचे, थांबा, एक दिवस तुम्हाला गप्प बसवते.

आता शेवटच्या शनिवारचं.

मला हॅलिफॅक्सच्या एका शिपिंग कंपनीत नोकरी लागली होती. मी शिकले त्याच कामाची, पीआरला, म्हणजे या देशात कायमचं राहायला मिळायला उपयोगी पडणारी, सोडून चालणार नाही अशी. चार दिवस मी तुमच्यापासून लपवलं. त्या दुपारी काकू वर झोपायला गेल्यावर सांगून टाकलं. तुम्ही बराच वेळ खिडकीबाहेर बघत होतात. मग म्हणालात, "तिकडं बर्फ ओला पडतो. बूट चांगले घे." मी हो म्हटलं. तुम्ही चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवलीत. दोघांनीही खाल्ला नाही. वीस मिनिटं झाली असतील, आणि विषय काढला तो तुम्ही, मी नाही.

"अश्विनी, पेरणाऱ्यालाच पीक मिळतं असं कुठं आहे?"

मला आधी कळलंच नाही तुम्ही कशाबद्दल बोलताय.

"आमच्याकडे भाताचं रोप एका वाफ्यात वाढवतात आणि लावणी दुसऱ्या खाचरात करतात. वाफा रिकामा दिसला म्हणून रोप तिथं नव्हतंच असं म्हणशील? व्हेनिस वाफा होता. लावणी वरच्या बंदरांत झाली."

"म्हणजे पेटीचं माझं बरोबर?"

"सहावं प्रकरण बदलावं लागणार. उद्या बसू."

दीड वर्ष मला न सापडलेलं उत्तर तुम्ही काढून माझ्या हातात दिलंत, आणि तेही स्वतःच्या विरुद्ध. मी खाली जाऊन एकटीच नाचले. माझ्याबरोबर राहणाऱ्या दोघी पोरी विचारत होत्या, काय गं, पीआर झाली का? मी म्हटलं त्याहून मोठं काहीतरी झालंय. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, लॅपटॉप चार्ज करून मी जिना चढत होते तेव्हा काकूंनी हाक मारली. ती हाक ऐकूनच मला कळलं होतं.

सोमवारी तुम्हाला पोचवून आलो. तुमचा लेक डेव्हिड बर्नाबीहून रात्रभर प्रवास करून आला होता. तुमच्यात सात दिवस घरी बसतात हे मला ऐकून माहीत होतं, बाकी काही माहीत नव्हतं. मंगळवारी मी मोगऱ्याच्या हारासाठी ब्रॅम्प्टनची चार भारतीय दुकानं पालथी घातली, तुमचा एक फोटो मोठा करून फ्रेम करून घेतला आणि दोन्ही घेऊन वर गेले. आरसे चादरींनी झाकलेले, फोटो कुठंच नाही, फूल कुठंच नाही. दारातच मला समजलं की आपण चुकलो. हार पाठीमागं लपवायला गेले तर काकूंनी तो हातातून घेतला, नाकाशी धरला आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला अडकवला. "इथं असू दे. यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी," म्हणाल्या. सातवा दिवस होईपर्यंत तो तिथंच होता. फोटो मी घेऊन आले आहे.

चौथ्या दिवशी डेव्हिडनं पुस्तकाचा विषय काढला. प्रकाशकांचा ईमेल आला होता, महिन्याभरात शेवटची प्रत हवी म्हणून. डेव्हिडला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, हे तुमचं दुखणं मला माहीत आहे.

"डॅडचं बुक अ‍ॅज इट इज जाऊ दे ना," तो म्हणाला. "लास्ट मिनिटला काही चेंजेस बोलला होता का तो तुला?"

माझ्या तोंडून निघालं, "बघून सांगते."

काका, यापुढचं लिहायला मला लाज वाटते, पण तुमच्यापासून लपवून काय करू? फाइल फक्त माझ्याकडे होती. तुम्ही काय सांगितलंत आणि काय नाही, हे मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. मी खाली गेले आणि सहाव्या प्रकरणाच्या शेवटी चार परिच्छेद लिहिले. तुमच्या आवाजात. वाफा, रोप, लावणी सगळं घातलं. तुमचं "बहुधा" घातलं, "पुरावा अपुरा आहे, तथापि" सुद्धा घातलं. तीन वर्षं तुमचं बोलणं टाइप केलेला माणूस आणखी काय करणार, मला ते घास उचलून तोंडात घालावा इतकं सोपं गेलं. मी स्वतःला सांगत होते की यात खोटं काही नाही, काका हेच म्हणाले होते.

तरी खात्री करावी म्हणून ते परिच्छेद मी काकूंना वाचून दाखवले. हे तुम्ही शेवटच्या आठवड्यात सांगितलेलं आहे, असं मी त्यांना म्हटलं. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "अगदी हेच. समोर बसून बोलल्यासारखं."

काकूंनी ओळखलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांना खरं सांगून टाकलं. हे मी लिहिलंय, पण काका म्हणाले होते, शपथ, काकू, शनिवारी दुपारी तुम्ही वर झोपला होतात तेव्हा म्हणाले होते. काकूंनी मला एकच विचारलं. तू हॅलिफॅक्सला जाणार हे त्यांना सांगितलंस ते त्याच्या आधी की नंतर? मी म्हटलं आधी.

"हे मला दर शनिवारी थळला परत न्यायचे," त्या म्हणाल्या. "घर बांधायचं, नारळ लावायचे, सगळं ठरायचं. चाळीस वर्षं. रविवारी मी कधी बॅग भरली का?"

त्या हसल्या आणि मग रडल्या.

त्यानंतर आठवडाभर मला तुमचा इतका राग आला होता की काय सांगू. पुरावा नाही याचं दुःख बाजूलाच राहिलं, वर दुसरंच काहीतरी डोक्यात बसलं. तुम्हाला खरंच पटलं होतं का? की पोरगी चालली आहे, हिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून तुम्ही मला वाद देऊन टाकलात, लेकीला लाडू बांधून द्यावेत तसा? दीड वर्ष माझ्या नाकी नऊ आणणारा माणूस, नेमका मी जाते म्हटल्यावर वीस मिनिटांत स्वतःला खोडून काढतो, याला काय समजायचं? तुम्ही रविवारी काय सांगितलं असतंत? "काल शनिवार होता" म्हणाला असतात का? सामान बांधताना, विमानात, इथं आल्यावर पहिल्या रात्री रिकाम्या खोलीत, मी हेच घोकत होते. मला जिंकायचं होतं काका. कुणी दिलेलं नको होतं. वेअरहाऊसमध्ये रडत आलेल्या पोरीला लोडिंग डॉक विचारणारा माणूस मला हवा होता, जाताना पाठीवर हात ठेवणारा नको होता. म्हणजे तोही हवा होता. दोन्ही एकदम मागता येत नाहीत, हे मला कळतं.

तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं. नोकरीच्या इंटरव्ह्यूमध्ये त्यांनी मला विचारलं होतं, शिपिंगमध्येच का यायचंय? मी घरून पाठ करून गेलेलं उत्तर विसरले आणि दहा मिनिटं व्हेनिसच्या वल्हवणाऱ्यांबद्दल बोलत सुटले. बाकाखालची पेटी, फुकट माल न्यायची मुभा, सगळं. समोरची बाई लिहायची थांबली होती. मला वाटलं गेली नोकरी. दुसऱ्या दिवशी तिनंच फोन केला. हे मी तुम्हाला त्या शनिवारी सांगणार होते, पण जाण्याचं सांगतानाच इतकी दमले की हे रविवारवर ढकललं. तुम्ही आणि मी, दोघांनीही रविवारवर फार भरवसा ठेवला.

राग आता उतरला आहे. एका जागी येऊन थांबला म्हणा. इथं रोज मी फेरीबोटीनं कामावर जाते. पलीकडे मोठी कंटेनर जहाजं लागलेली दिसतात. गेल्या आठवड्यात एका जहाजाची कागदं बघताना खलाशांच्या स्वतःच्या सामानाची यादी हातात आली. चार ओळींत संपली. मी ती दोनदा वाचली आणि कामाला लागले. त्याच संध्याकाळी डेव्हिडला फोन केला.

त्याला म्हटलं, तुझ्या डॅडनं एक गोष्ट बोलून दाखवली होती, पण लिहून दिली नाही. शनिवारी बोलला होता. म्हणून मी ती धरणार नाही. मी घातलेले चार परिच्छेद काढून टाकले आहेत. सहावं प्रकरण काकांच्या शब्दांत जसं होतं तसं जाईल, 'घरी बसलेलं भांडवल' या नावासकट. पुस्तकाच्या शेवटी एक नववं प्रकरण जोडायची परवानगी दे. ते माझं असेल, माझ्या नावानं, आणि सहाव्याच्या विरुद्ध असेल.

"सो यू वाँट टु आर्ग्यू विथ हिम इन हिज ओन बुक?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं. मग महिन्याभरात पहिल्यांदा त्याला हसताना ऐकलं.

"ही वुड हेट इट," तो म्हणाला. "कर तू."

प्रकाशकांनी आणखी दोन महिने दिले आहेत. काकूंनी तुमचा इटालियन शब्दकोश आणि व्हेनिसला केलेल्या टिपणांच्या वह्या पार्सल केल्या आहेत. कॅसेटी पाठवू का विचारत होत्या. मी म्हटलं कॅसेट लावायची कशावर?

आणि वाफ्याचं उत्तर मी वापरणार नाही. ते तुमचं आहे आणि ते शनिवारचं आहे. माझ्या नावानं छापलं तर चोरी, तुमच्या नावानं छापलं तर तुम्ही न केलेली सही. नवव्या प्रकरणात मी तुमचा प्रश्न तुम्ही विचारायचात तसाच, पूर्ण जोरानं मांडणार आहे. पेटी गेली तर मग व्हेनिस का बुडालं? आणि मग उत्तर शोधणार आहे, कागदांत, तुमच्या वह्यांत, बंदराच्या कामात, जिथं सापडेल तिथं. शोधत शोधत मी तुमच्या वाफ्यापाशीच येऊन पोचले तर तुम्हाला खरंच पटलं होतं असं समजेन, आणि दुसरीकडे पोचले तर तुम्ही मला लाडू दिला होतात असं समजेन आणि तोही खाईन. उत्तर सापडलंच नाही तर प्रश्न तसाच छापीन. वाचणारा बघून घेईल. तुमच्यासमोर हरायची मला सवय आहे.

आज मी सुट्टी घेतली आहे. काकूंचा फोन झाल्यापासून नवव्या प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यावर अडले होते. आधी लिहिलं, प्रस्तुत लेखिकेस सहाव्या प्रकरणातील निष्कर्ष सर्वस्वी मान्य करता येत नाही. वाचलं आणि तुम्ही काय म्हणाला असतात ते ऐकू आलं: ही प्रस्तुत लेखिका कोण, आणि ती एवढी घाबरली का आहे? ते खोडलं. अजून दोन वाक्यं लिहिली, तीही खोडली. आता कागदावर एवढंच आहे: थळकर काकांचं हे म्हणणं मला पटलेलं नाही.

इथं तुम्ही नेहमी चष्मा काढून "का?" असं विचारायचात. खोलीत कुणी विचारत नाहीये. मी सांगते आहे.